नाव छापून आले : जाहीर बदनामीची घरातली बाजू

कॉलेजात असताना कोणी पत्ता विचारला, की मी 'अप्पा बळवंत चौकाजवळ' असे सांगत असे. ते खोटे नव्हते. आमचा वाडा चौकापासून पाच मिनिटांवर होता. पण घरी येणाऱ्या प्रत्येक पत्रावर, विजेच्या बिलावर, शाळेच्या दाखल्यावर 'बुधवार पेठ' असेच लिहिलेले असे, आणि ते दोन शब्द मी तोंडाने उच्चारत नसे. उच्चारले की समोरच्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचे. पुढे स्थळे यायला लागली, तेव्हा आईने टिपण लिहून घेताना मला सांगितले, "चौकच लिही. पुस्तकांच्या दुकानांत राहतो असं वाटतं." आई फारशी शिकलेली नव्हती, पण कोणत्या शब्दाने घराला काय लागते याचे तिचे ज्ञान पक्के होते.

आता माझी भाची त्याच कॉलेजात जाते. तिला पत्ता लपवता येत नाही, कारण पत्ता तिच्या आधीच पोचलेला असतो. मोबाइलवर 'बुधवार पेठ' हा एक विनोद झाला आहे. कोणत्याही चित्रफितीखाली कोणीतरी हे दोन शब्द टाकतो आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. कोणी गल्लीतून चालताना खिशाबाहेर कॅमेरा डोकावेल असा फोन ठेवतो, दारात उभ्या असलेल्या बायकांचे चित्रण करतो आणि 'पुण्याची दुसरी बाजू' म्हणून ते चढवतो. पाहणारे हजारोंनी असतात. त्या बायकांना कोणी विचारलेले नसते.

ही तीच पेठ, जिथे १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि त्याच साली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, सुरू झाले. माझे बरेचसे वाचन याच ग्रंथालयाच्या पुस्तकांवर झाले. या लेखाची सुरुवातही तिथेच झाली. मी रमाबाई रानड्यांच्या आठवणी पुन्हा वाचत होते आणि भाचीचा फोन आला. ती रडत होती. काय झाले ते इथे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मागे लागला. जाहीर बदनामीचा विचार करताना आपण नेहमी बदनाम झालेल्या माणसाकडे पाहतो. ज्याचे नाव कोणी घेतलेले नसते, पण जो त्याच घरात राहतो, त्याचे काय होते?

'पूर्वी असे नव्हते' हे वाक्य या विषयावर बोलताना हमखास ऐकू येते. पूर्वी असेच होते. पुण्यात तर त्याला शास्त्र होते, पद्धत होती आणि 'ग्रामण्य' असे नावही होते.

१८९०च्या ऑक्टोबरमध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला पुण्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरून शिष्टाचार म्हणून बाजूला ठेवला. पुढे 'पुणे वैभव' या सनातनी वळणाच्या पत्रात हजर असलेल्या चाळीसहून अधिक लोकांची नावे छापून आली. पेला ओठाला लावणारा आणि खाली ठेवणारा यांच्यातला फरक यादीत उरला नाही. मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे धर्मभ्रष्टता. पुण्यात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, सुनावणी झाली. टिळकांनी स्वतः शास्त्राधार देत बाजू मांडली आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले.

ही यादी छापवून आणणारे होते गोपाळराव जोशी. डॉ. आनंदीबाईंचे पती. सुधारकांचे आणि सनातन्यांचे, दोघांचेही पितळ उघडे पाडण्याची त्यांना हौस होती, असे त्यांच्याबद्दल सांगतात, आणि चहाच्या प्रकरणाकडे पुष्कळ लेखक एका विक्षिप्त माणसाची खोडी म्हणून पाहतात. मला ते इतके हलके वाटत नाही. १८८३ साली श्रीरामपूरला केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी, आपण रस्त्याने जाऊ लागलो की लोक कसे भोवती जमतात, कसे हसतात, कसा त्रास देतात, हे सांगितले होते. ज्याच्या बायकोला रस्त्यावरच्या गर्दीने असे सोलून काढले, त्याच माणसाने सात वर्षांनी चाळीस घरांची नावे गर्दीच्या हाती दिली. जाहीर अपमान सोसलेला माणूस त्यामुळे अधिक कनवाळू होतो असे नाही. कित्येकदा त्याला त्या हत्याराची धार तेवढी कळलेली असते.

या प्रकरणाचा इतिहास टिळकांच्या आणि रानड्यांच्या चरित्रांत मिळतो. तिथे तो वादाचा इतिहास आहे: कोण काय म्हणाले, कोणी कोणते वचन काढले, कोण जिंकले. घर पाहायचे असेल तर रमाबाईंकडे यावे लागते. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली आले. पतिभक्तीचे पुस्तक म्हणून त्याची तारीफ झाली आणि त्याच कारणाने नंतरच्या काळात काहीशी उपेक्षाही झाली. मला ते जाहीर बदनामीबद्दलचे मराठीतले पहिले बारकाईचे लेखन वाटते. रमाबाई सभेत काय ठरले यापेक्षा घरात काय बदलले ते सांगतात. धर्मकृत्याला ब्राह्मण मिळण्याची अडचण, नातेवाइकांत पडलेले तट, कोणाच्या पंक्तीला कोणी बसायचे याचा घोळ. ग्रामण्याचा वार कुठे बसतो, हे त्यातून कळते. न्यायमूर्तींची नोकरी गेली नाही, सभेतला मान गेला नाही. अडले ते श्राद्ध, लग्नकार्य, माहेरी येणे-जाणे. म्हणजे ज्या गोष्टी घरातल्या बायका पार पाडतात त्या.

आणि रानड्यांनी प्रायश्चित्त का घेतले? स्वतःसाठी नव्हे. त्यांच्याबरोबर यादीत अडकलेल्या स्नेह्यांच्या घरी कोंडी झाली होती, वडीलधारी माणसे दुःखी होती, आणि रावसाहेबांनी घेतले तर इतरांनाही घेता येणार होते. रमाबाईंना हे आवडले नव्हते आणि ते त्यांनी लपवलेले नाही. सुधारकांनीही रानड्यांना धारेवर धरले. आधी एका बाजूने बदनामी, मग त्यातून सुटण्याचा रस्ता धरला म्हणून दुसऱ्या बाजूने. आज एखाद्याने माफी मागितली की 'दबावाखाली मागितली', 'उशिरा मागितली', 'मनापासून नाही' असे म्हणणारे लगेच उभे राहतात. त्यांचे पूर्वज पुण्यातच होते.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. ती मान्य करताना मला अवघडल्यासारखे होते. ग्रामण्य क्रूर होते, जातीच्या अहंकारावर उभे होते, त्याच्याबद्दल हळहळण्यासारखे काही नाही. पण त्याला दार होते. आरोप काय ते ठरलेले असे, ऐकून घेणारे कोणी असे, आणि प्रायश्चित्त घेतले की, निदान कागदोपत्री, प्रकरण मिटे. पंचगव्य प्यायले की दुसऱ्या दिवशी कोणी तेच पुन्हा पाजायला येत नसे. आजच्या बदनामीला असे दार नाही. दहा वर्षांपूर्वीची चित्रफीत उद्या सकाळी कोणीतरी नव्याने पाहतो, त्याच्या दृष्टीने ती आजचीच असते, आणि शिव्या पहिल्यापासून सुरू होतात.

दुसरा फरक चेहऱ्याचा. सावित्रीबाई भिडे वाड्याकडे शिकवायला जाताना लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या एक जादा लुगडे जवळ ठेवत, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकली आहे. त्या गोष्टीत फेकणाऱ्याचाही हात शेणाने भरत होता, हे मला फार उशिरा सुचले. त्याला रस्त्यावर यावे लागत होते. सावित्रीबाई त्याला पाहू शकत होत्या, नावानिशी ओळखू शकत होत्या. पण या गोष्टीचा उत्तरार्ध आपण तितक्या वेळा सांगत नाही. शेण फेकून शाळा बंद पडेना, तेव्हा दबाव आला तो जोतीरावांच्या वडिलांवर. गोविंदरावांनी ना शाळा काढली होती, ना कोणाला शिकवले होते. १८४९ साली त्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. चरित्रकार बहुधा त्यांना कमकुवत ठरवून पुढे जातात. मला तो म्हातारा माणूस दिसतो, जो रोज बाजारात फुले घेऊन बसत असेल आणि ज्याला गिऱ्हाईक रोज काहीतरी ऐकवून जात असेल. गर्दीला नेमके कळते की पोलादावर घाव घालण्यात अर्थ नाही, सांध्यावर घालावा.

विजय तेंडुलकरांनी हे ओळखले होते. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झाले आणि त्यावर जो वाद उसळला तो नाना फडणविसांच्या चित्रणावर आणि ब्राह्मणांच्या बदनामीवर. तो वाद मला इथे उगाळायचा नाही. त्या गोंधळात नाटकाचा सांगाडा नजरेआड झाला, त्याबद्दल बोलायचे आहे. घाशीराम पुण्यात येतो तेव्हा निरुपद्रवी परका असतो. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, गर्दी त्याला बडवते, शहर त्याला हाकलते. त्या अपमानाने तो सूडाला पेटतो आणि सूडासाठी जवळ असलेली एकच किमती वस्तू विकतो: मुलगी. गौरीने पुण्याचे काहीही बिघडवलेले नसते. नाटकभर तिच्या बाजूने बोलायला कोणी नाही, तिला स्वतःला फारसे बोलायला नाही, आणि ती मरते. शेवटी घाशीराम जमावाच्या हाती दिला जातो आणि प्रेक्षकाला न्याय झाल्यासारखे वाटते. इतिहासातला घाशीराम १७९१ साली असाच, धिंड काढून, दगडांनी मारला गेला. त्या अंताकडे बघता बघता आपण गौरीला विसरतो.

जब्बार पटेलांच्या प्रयोगातली ती ब्राह्मणांची मानवी भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती विसरता येणार नाही. तीच माणसे भजन म्हणतात, तीच बावनखणीत जातात, तीच टाळ्या पिटतात, आणि अडचणीचे काही घडायला लागले की तीच पाठ फिरवून भिंत होतात. भिंतीतल्या कोणालाही स्वतंत्र नाव नाही. नाटक आले तेव्हा समाजमाध्यमे हा शब्दसुद्धा नव्हता. तरी आज एखाद्या चित्रफितीखालच्या हजार प्रतिक्रिया वाचताना मला ती डुलणारी रांग दिसते. यातला प्रत्येक जण घरी चांगला आहे, मुलांचा अभ्यास घेतो, देवाला जातो. रांगेत उभा राहिला की त्याला पाठ तेवढी असते.

'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) यापेक्षा साधे आणि माझ्या मते अधिक भेदक. वेळ घालवायला म्हणून खेळातला खटला सुरू होतो. 'गंमत आहे हो' हेच त्या सगळ्यांचे समर्थन, आणि हे वाक्य आजही प्रत्येक विनोदी चित्रफितीचा कर्ता वापरतो. लीला बेणारेचे खाजगी आयुष्य चारचौघांत उलगडले जाते. पण निकाल काय लागतो ते पाहा. बेणारेला जगायची मुभा आहे. नष्ट करायचा आहे तिच्या पोटातला गर्भ. समीक्षकांनी या निकालाचा अर्थ पुरुषी नीतीची क्रूरता असा लावला, आणि तो बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक दिसते. खेळातले कोर्टसुद्धा शिक्षा देताना बरोबर तिसऱ्या, अनुपस्थित, मुक्या माणसापाशी जाऊन थांबते. गौरी काय, हा गर्भ काय, दोघांचेही नाव आरोपपत्रात नाही.

हे नाटकातच घडते असे नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली, जामीन मिळाला, देशभर चर्चा झाली, पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, त्या खटल्यामागे हे प्रकरण होते. कायद्याच्या इतिहासात पालघर आले ते असे. त्या दिवशी जमावाने तोडफोड केली ती मात्र मुलीच्या काकांच्या दवाखान्याची. काकांनी काही लिहिले नव्हते. दवाखान्यात आलेल्या रुग्णांनी तर नव्हतेच नव्हते.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ साली लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतींच्या जाचाला तोंड देणाऱ्या कुटुंबांना त्याचा आधार आहे, आणि असा कायदा करणारे आपण देशातले पहिले राज्य याचा अभिमान वाटावा. पण त्या कायद्याला समोर पंच लागतात, ज्ञात समूह लागतो. रात्री दोन वाजता वेगवेगळ्या गावांतले हजार अनोळखी लोक मिळून एखाद्याला वाळीत टाकतात, तेव्हा पंच कोणाला म्हणायचे?

'अहो, पण काही माणसांची लाज काढायलाच हवी' असा आक्षेप इथे येईल. येऊ दे. २०१८ साली अनेक स्त्रियांनी आपल्याला छळणाऱ्या पुरुषांची नावे जाहीर केली, ती बाकीची सगळी दारे ठोठावून झाल्यावर. बलवानाचे नाव दुबळ्याने घेणे आणि दुबळ्याचे चित्र बलवानाने वाटणे या एकच गोष्टी नाहीत, आणि दोघांना एकाच तागडीत घालणाऱ्या लेखांचा मला वीट आला आहे. तरीही त्या नावे जाहीर झालेल्या पुरुषांच्या शाळकरी मुलांना वर्गात काय ऐकावे लागले, हा प्रश्न विचारता आला पाहिजे. विचारल्याने बायकांची बाजू लंगडी पडत नाही.

या बाबतीत ताराबाई शिंदे फार स्वच्छ होत्या. सुरतेकडची विजयालक्ष्मी नावाची विधवा बालहत्येच्या आरोपात सापडली आणि वर्तमानपत्रांना बायकांच्या नीतीवर झोड उठवायला निमित्त मिळाले. त्यात 'पुणे वैभव'ही होते. चहाची यादी छापणारे तेच पत्र. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापवून घेतले. त्यांच्या सगळ्या संतापाचा गाभा एका साध्या विचारणेत आहे: या गोष्टीतला पुरुष कुठे आहे? छापले जाते ते बाईचे नाव. तो छापखान्याबाहेर पडून घरी जेवायला गेला आहे. पुस्तकाची इतकी कुचेष्टा झाली की जोतीरावांना 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही.

त्यांची ती विचारणा घेऊन मी आमच्या गल्लीतल्या चित्रफिती पाहिल्या. तासभर पाहिल्या, नंतर पाहवेनात. एकाही चित्रफितीत गिऱ्हाईक दिसत नाही. असलाच तर पाठमोरा, किंवा चेहऱ्यावर धूसर ठिपका टाकलेला. म्हणजे चेहरा झाकण्याची कला चित्रण करणाऱ्याला येते. ती कोणासाठी वापरायची हे त्याने ठरवलेले आहे. बाईचा चेहरा, दाराचा रंग, शेजारच्या दुकानाची पाटी, सगळे स्पष्ट. या बायकांपैकी कित्येक कर्नाटकातून, आंध्रातून, बंगालमधून, नेपाळमधून आलेल्या. त्यांचे इथे एक नाव असते, गावी दुसरे. इथून गेलेल्या पैशावर तिकडे कोणाचे शिक्षण चालते, कोणाचे औषधपाणी. 'पुण्यात कंपनीत आहे' किंवा 'धुणीभांडी करते' हे जे गावी सांगितलेले असते, त्याला खोटे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या आईने टिपणावर 'चौक' लिहायला लावले, तेही याच जातीचे होते. फोन मात्र गावीही पोचला आहे. बाईने वर्षानुवर्षे जपलेली दोन नावांमधली भिंत एका मुलाच्या खिशातल्या कॅमेऱ्याने पडते, आणि ढिगाऱ्याखाली सापडतात ती गावाकडची माणसे: शाळेत जाणारी मुलगी, लग्नाला आलेली बहीण, जिला कोणी दळण द्यायचे बंद करेल अशी आई.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी, बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात दिलेल्या निर्देशांत, धाडी-सुटकेच्या बातम्या देताना अशा स्त्रियांची ओळख उघड होणार नाही याची माध्यमांनी काळजी घ्यावी आणि चोरून चित्रण करण्याविरुद्धचे कलम, तेव्हाचे ३५४-क, आता भारतीय न्याय संहितेतले ७७, माध्यमांविरुद्ध कसोशीने वापरावे, असे म्हटले. न्यायालयाच्या डोळ्यांसमोर वृत्तवाहिन्या होत्या. आता प्रत्येक खिशात एक वाहिनी आहे, आणि तक्रार द्यायची तर जिची ओळख लपवायची तिनेच पोलीस ठाण्यात जाऊन नाव-गाव लिहून द्यायचे.

आमच्या मध्यमवर्गीय वाड्यांनी या बायकांच्या बाजूने कधी काही केले, असे मी म्हणू शकत नाही. उलट आम्ही पिढ्यान्‌पिढ्या 'आम्ही त्या बाजूचे नाही' हे सिद्ध करण्यात घालवल्या. भाचीच्या बाबतीत मला संताप आला तोही आधी 'ती त्यातली नाही' असाच आला. त्या वाक्यात जे दडले आहे ते कळायला मला काही दिवस लागले. 'त्यातली' मुलगी असती, तर मी फोन ठेवून पुन्हा पुस्तक उघडले असते का?

भिडे वाडा डिसेंबर २०२३मध्ये पाडला गेला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. समोर दगडूशेठ गणपतीपुढे गर्दी नेहमीचीच असते. उत्सवाच्या दहा दिवसांत तर आम्हाला घरातून बाहेर पडायचे म्हणजे धाडसच. काही वर्षांपूर्वी अशाच उत्सवात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो आला. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, अंगात निळा सदरा, मागे मांडवाचा पडदा. खाली लिहिले होते, 'हा मोबाईल चोर आहे, सावध राहा, पुढे पाठवा.' मी पुढे पाठवला. दोन गटांवर. भाचीला वेगळा पाठवला, कारण तिचा फोन नवा होता. पाठवताना मनात दुष्टावा नव्हता, काळजीच होती. ज्यांनी ज्यांनी तो पाठवला, त्या सगळ्यांच्या मनात काळजीच असणार.

उत्सव संपल्यावर आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी दारावर थाप पडली. पन्नाशीचा माणूस, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. ते त्या मुलाचे वडील होते. ज्यांचा फोन गेला म्हणत होते त्यांना तो घरीच, दुसऱ्या पिशवीत, सापडला होता, आणि मुलाचा काही संबंध नसल्याचे लिहून घेतलेला कागद घेऊन ते दारोदार फिरत होते. मुलगा एका बाइंडरकडे कामाला होता. मालक चांगला होता, काढून टाकले नाही. पण मुलगाच कामावर जाईना. धाकट्या बहिणीने शाळेत जायचे टाकले, हे त्यांनी ओघात सांगितले, जणू तो मुख्य मुद्दा नव्हता. मी कागद वाचला. "बरं झालं हो, सुटलात," असे काहीतरी म्हणाले. चहा विचारला. ते "नको ताई, अजून बरीच घरं आहेत," म्हणाले.

मग त्यांनी विचारले, त्या गटात आणखी कोण कोण आहे ते सांगता का, म्हणजे तेवढ्या घरी जाऊन येतो. मी आतून वहीचा कागद आणला आणि फोन उघडून एकेक नाव लिहायला बसले. आडनाव, मजला, दुकान असेल तर दुकानाचे नाव. एका पानावर मावेना, तेव्हा मागच्या बाजूला लिहिले. ज्या दुसऱ्या दोन गटांवर मी स्वतः फोटो पाठवला होता, तिथली नावे लिहू की नको, याचा विचार करत मी पेन धरून थोडा वेळ थांबले. लिहिली असती, तर ती नावे या यादीत कशी आली हे सांगावे लागले असते. त्यांनी कागदाची नीट घडी केली, पहिल्या कागदाबरोबर पिशवीत ठेवली, दोनदा "उपकार झाले" म्हणाले आणि जिन्यावरचा दिवा गेलेला होता म्हणून भिंतीला हात लावत खाली उतरले.